मला नुसतं नदीकाठी बसायचंय

'नमस्कार ताई, आमच्या लग्नाला ३२ वर्षं झाली. लेकीनं आम्हा दोघांना बँकॉकची पाच दिवसांची तिकिटं काढून दिलीत, त्रिपुरी पौर्णिमेच्या आसपासची. दोघांचाही पहिलाच परदेश प्रवास. हे सहकारी बँकेतून निवृत्त झालेत. त्यांनी २६ ठिकाणांची यादी केलीय, प्रत्येकापुढे वेळ लिहून. पट्टायासुद्धा आहे त्यात. माझे गुडघे दुखतात, डॉक्टरांनी जिने कमी करायला सांगितलंय. मी शाकाहारी. आणि बँकॉक म्हटलं की नातेवाईक हसतात. धाकटे दीर तर एका लग्नात सगळ्यांसमोर नको ते बोलले. आता मी लोकांना "थायलंडला जातोय" एवढंच सांगते. खरं सांगू, मला नुसतं नदीकाठी बसायचंय. पण हे म्हणतात, बसायलाच जायचं तर आपला कृष्णेचा घाट काय वाईट? जावं की नको, असं झालंय.'
— एक वाचक, सांगली जिल्हा

ताई,

जा. नक्की जा, आणि नदीकाठी बसाच. कृष्णेच्या घाटाबद्दल यजमानांनी विचारलेल्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर आहे, ते पुढे देते. आधी यादीचं बघू, कारण तुमचं भांडण तिच्यावरून होणार आहे.

यादीची प्रत तुम्ही सोबत पाठवलीत हे बरं केलंत. मी ती सावकाश वाचली. आखीव रकाने, ठिकाणापुढे वेळ, वेळेपुढे खर्च, खाली बेरीज. तुम्हाला त्यात हट्ट दिसतोय. मला त्यात थोडी भीतीही दिसली. रोज संध्याकाळी रोकड जुळवल्याशिवाय घरी न गेलेला माणूस आता अशा गावी निघालाय जिथली पाटी वाचता येणार नाही, आणि पैसे लेकीचे आहेत. एकही बाथ (तिकडचं चलन) वाया गेला असं कुणाला वाटू नये, म्हणून त्यांनी सगळं कागदावर पक्कं केलंय. तेव्हा यादीला नावं ठेवू नका. त्यांच्या शेजारी बसा आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवा: 'राजवाडा, ८.३० ते ९.१५.'

पाऊण तासात तो राजवाडा होत नाही. आवारातल्या वाट फ्रा केओ मंदिराभोवती (वाट म्हणजे तिकडे मंदिर) जी ओवरी आहे, तिच्या भिंतींवर सलग १७८ चित्रांत रामायण रंगवलंय. त्यांचं रामायण, रामकियन. रावणाला ते थोत्सकान म्हणतात, म्हणजे आपला दशकंठ, आणि तो हिरव्या रंगाचा असतो. त्यांचा हनुमान ब्रह्मचारी नाही, चांगला प्रेमात पडणारा आहे. लहानपणापासून जी गोष्ट आपण ऐकली ती दुसऱ्या कुणी इतक्या प्रेमानं वेगळी सांगितलेली बघताना पाय आपोआप थांबतात. तुमच्या यजमानांचेही थांबतील. मग ९.१५ ची वेळ टळेल, त्यामागून पुढच्या सगळ्या वेळा टळतील, आणि त्याचा राग तुमच्या गुडघ्यांवर निघेल. हे मी अनुभवानं सांगते. मी आणि माझा नवरा तिथे गेलो तेव्हा आम्हीही एका दिवसात चार मंदिरं ठरवली होती. तिसऱ्यात मी बुद्धाकडे कमी आणि घड्याळाकडे जास्त बघत होते. संध्याकाळी नावेच्या धक्क्यावर आम्ही शेजारी उभे होतो, पण बोलत नव्हतो. समोर इतकी सुंदर नदी, आणि ती तशीच वाहून गेली. आजही त्याची चुटपुट वाटते.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे: रोज सकाळी एक मोठं ठिकाण, आणि रोज संध्याकाळ नदीची. मधली दुपार खोलीत, पाय वर करून. नोव्हेंबरात तिथलं ऊन एप्रिलसारखं भाजत नाही, तरी बारा ते तीन उन्हात फिरू नका. या हिशेबानं सव्वीसातली दहाएक ठिकाणं उरतील. कुठली ठेवायची ते त्यांनी ठरवावं. पट्टाया मात्र काढाच. जाऊन-येऊन ३०० किलोमीटर होतात. तरंगत्या बाजारासाठीही गावाबाहेर शंभरेक किलोमीटर जावं लागतं, सगळी सकाळ जाते. लांबचं एकच ठेवायचं असेल तर अयुथया ठेवा. नाव आपल्या अयोध्येवरून. १३५१ ते १७६७ अशी चार शतकं राजधानी होती, मग बर्मी सैन्यानं उद्ध्वस्त केली. तिथल्या वाट महाथातमध्ये झाडाच्या मुळांनी वेढलेलं बुद्धाचं शिर आहे, ते बघण्यासारखं आहे. साधारण ८० किलोमीटर. दिवसभरासाठी चालकासह गाडी घ्या, तिथे मात्र पैशाकडे बघू नका.

आता गुडघे. राजवाडा, वाट पो आणि वाट अरुण ही तिन्ही नदीच्या एकाच भागात आहेत, पण एका दिवसात कोंबू नका. वाट पोला स्वतंत्र सकाळ द्या. तिथला पहुडलेला बुद्ध ४६ मीटर लांब आणि १५ मीटर उंच आहे. दाराशी उभं राहिलं तर सबंध दिसतच नाही, खांबांमधून तुकड्या-तुकड्यानं दिसत जातो. तळपायांवर शिंपल्याच्या जडावात १०८ शुभचिन्हं आहेत. पाठीमागे ओळीनं १०८ भांडी मांडलीत, लोक एकेकात नाणं टाकत जातात आणि सगळ्या देवळात तो खणखणाट भरून राहतो. हे झालं की त्याच आवारात मालिश करून घ्या. लाजू नका. थाई मालिशची जुनी शाळा तिथेच आहे, आणि 'नुआत थाई' ही विद्या २०१९ साली युनेस्कोच्या वारशाच्या यादीत गेली. अंगावर सैल कपडे असतात, शेजारी इतर बायाबापड्या असतात, सगळं उघड्यावर. गुडघे दुखतात हे आधीच सांगा, दाबून आणि वाकवून घेऊ नका. जाण्यापूर्वी तुमच्या डॉक्टरांनाही विचारून ठेवा.

तिथून था तिएनच्या धक्क्यावर या आणि थोड्याशा पैशांत तरीनं पलीकडे वाट अरुणला जा. अरुण म्हणजे आपलाच, सूर्याचा सारथी. मंदिराचा उंच मनोरा चिनी मातीच्या तुकड्यांनी मढवलाय. त्याच्या पायऱ्या अतिशय उभ्या आहेत, आणि तुम्ही त्या चढायच्या नाहीत. यजमानांनी चढावं. तुम्ही खाली बसा, दारावरचे ते दोन यक्ष बघा, त्यातला हिरवा म्हणजे रावण. मग काठाशी या. 'तुम्ही बघून या, मी इथे आहे' एवढं वाक्य दोघांनाही जमलं, की अर्धी कटकट मिटली. ३२ वर्षांत तुम्ही हे वाक्य किती वेळा मोकळेपणानं म्हणालात? पत्रावरून वाटतं, फार वेळा नाही. बाई मागे राहिली की ती रुसली असं आपल्याकडे धरतात, पुरुष एकटा पुढे गेला की त्यानं सोडून दिलं असं धरतात. यात कुणी रुसलं नाही आणि कुणी सोडलं नाही, हे एकमेकांना आधीच सांगून ठेवा. सूर्य मावळायच्या आत परत अलीकडे या, कारण वाट अरुण सर्वांत सुंदर दिसतं ते समोरच्या काठावरून, मागे तांबडं आभाळ असताना.

नदीचं काम यजमानांच्या हाती द्या, हे मनापासून सांगते. चाओ फ्राया, म्हणजे तिथली नदी, तिच्यावर झेंड्याच्या रंगावरून बोटी ओळखतात; नारिंगी झेंड्याची साधी प्रवासी बोट स्वस्त असते. साफान ताक्सिन या स्कायट्रेनच्या स्टेशनाखालीच साथोर्नचा धक्का आहे. वाट पोजवळ आता सनाम चाय नावाचं भुयारी रेल्वेचं स्टेशनही झालंय. कुठली बोट कुठे थांबते, शेवटची किती वाजता, कुठून कुठली गाडी धरायची, हे जुळवणं त्यांच्याइतकं चांगलं कुणाला जमेल? त्यांच्या रकान्यांना खरं काम मिळेल. बोट धक्क्याला लागताना हलते आणि फार वेळ थांबत नाही. चढता-उतरताना त्यांचा हात धरा.

आता कृष्णेचा घाट. तुम्ही तारखा त्रिपुरी पौर्णिमेच्या लिहिल्यात आणि ही गोष्ट तुमच्या लेकीलाही ठाऊक नसावी असं वाटतं. तिकडे बाराव्या चांद्रमासाच्या पौर्णिमेला लॉय क्राथोंग असतो, आणि बहुतेक वर्षी ती आपली कार्तिक पौर्णिमाच असते. क्राथोंग म्हणजे केळीच्या खुंटाच्या चकतीवर केळीचं पान दुमडून केलेला द्रोण. त्यात फुलं, उदबत्ती, मेणबत्ती. तो नदीत सोडायचा आणि वर्षभर पाणी वापरलं, घाण केलं, त्याबद्दल नदीची क्षमा मागायची. नदीला ते 'मे खोंगखा' म्हणतात. मे म्हणजे आई, खोंगखा म्हणजे गंगा. आपण नाही का कृष्णाबाई म्हणत! तुम्ही कृष्णेत त्रिपुरीला दिवे सोडले असतील. त्याच चंद्राखाली, त्याच भावनेनं, एवढ्या लांब कुणी केळीच्या पानात दिवा सोडतंय, हे काठावर बसून बघायला मिळणार आहे. कृष्णेचा घाट अजिबात वाईट नाही, असं यजमानांना सांगा. आणि म्हणूनच तो ज्यांना कळतो त्यांनी ही रात्र बघायला हवी. जोडपी एकच क्राथोंग दोघांनी धरून सोडतात. तुम्हीही एकच घ्या. पानाफुलांचाच घ्या. त्या रात्री नदीच्या धक्क्यांवर मरणाची गर्दी असते आणि धक्के डुलतात, तेव्हा तिथे जाऊ नका. बागांमधल्या तळ्यांतही लोक क्राथोंग सोडतात, तुमच्या मुक्कामाजवळची कुठली बाग उघडी असेल ते हॉटेलात विचारा.

वाट फ्रा केओमधली बुद्धाची हिरवी मूर्ती जेमतेम ६६ सेंटिमीटर उंचीची आहे. तिचा सोन्याचा पोशाख ऋतूप्रमाणे वर्षातून तीनदा बदलतात, आणि हिवाळी पोशाख चढवण्याचा दिवस येतो तो याच पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी. परंपरेनं हे राजाचं काम. त्या समारंभामुळे मंदिर काही वेळ बाहेरच्यांना बंद राहू शकतं, म्हणून राजवाडा त्या दिवशी ठेवू नका. एरवी मात्र फाटकाबाहेर एखादा गोड बोलणारा माणूस भेटेल आणि 'आज राजवाडा बंद आहे, चला माझ्या टुकटुकमधून दुसरं मंदिर दाखवतो' म्हणेल. ते मंदिर शेवटी खड्यांच्या दुकानात संपतं. ही फसवणूक फार जुनी आहे. मान हलवून सरळ तिकीटखिडकीशी जा, साडेतीनच्या आत. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. तुमच्या साडीला अडचण नाही, ब्लाऊज बाह्यांचा असू द्या. यजमानांची ती अर्धी विजार इथे चालणार नाही. चपला दर मंदिराबाहेर काढायच्या असतात, दोघांनीही बंदाचे बूट नेऊ नका.

जेवणाची चिंता रास्त आहे. तिथल्या बहुतेक भाज्यांत मासळीचं खारं पाणी, नाम प्ला, पडतं. भाजी दिसते म्हणून ती शाकाहारी असेल असं धरू नका. कच्च्या पपईच्या कोशिंबिरीतही सुकट असते. तुम्हाला लागणारा शब्द 'जे'. चिनी बौद्धांचा कडक शाकाहार म्हणजे जे: मांस नाही, मासे नाहीत, अंडं नाही, दूध नाही, कांदा-लसूणसुद्धा नाही. दुकानावर पिवळ्या पाटीवर किंवा झेंड्यावर लाल अक्षरात लिहिलेलं असतं. लेकीला ते अक्षर फोनमध्ये साठवून द्यायला सांगा. म्हणायचं 'किन जे खा', म्हणजे मी जे खाते. 'खा' हा बायकांचा आदराचा शब्द, यजमानांनी 'ख्रप' म्हणायचं. अशा दुकानात पाक बुंग मागा, ती आपली नाळीची भाजी, आणि गरम भात. आंबा आणि नारळाच्या दुधातला चिकट भात तर खाच. भारतीय जेवणाची फारच आठवण झाली तर फाहुरात भागात जा, तिथे मोठा गुरुद्वारा आहे आणि आजूबाजूला आपल्याकडच्या पद्धतीचं जेवण मिळतं. तरी थेपले-दशम्या घ्या सोबत. पहिल्या रात्री त्यांचा आधार वाटतो.

राहिलं नातेवाइकांचं हसणं. यावर थोडं जास्त बोलते, कारण तुमच्या पत्रातली सगळ्यात दुखरी ओळ ती आहे. बँकॉकमध्ये तशा गल्ल्या आहेत, हे नाकारण्यात अर्थ नाही. त्या मोजक्या आहेत आणि तुम्ही जिथे जाणार तिथे त्या वाटेतही येत नाहीत. पण त्या गल्ल्यांमुळे लाखो कष्टाळू माणसांचं एक अख्खं शहर आपल्याकडे चेष्टेचा विषय झालं, आणि त्या चेष्टेचा काटा तुमच्यासारख्या बाईला टोचला, याचा मला राग येतो. थाई लोक आपल्या राजधानीला बँकॉक म्हणतच नाहीत. ते म्हणतात क्रुंग थेप, देवांची नगरी. १७८२ साली पहिल्या रामानं, म्हणजे आताच्या राजघराण्याच्या मूळ पुरुषानं, ती इथे वसवली. तिचं पूर्ण नाव जगातल्या सर्वांत लांब गावनावांत मोडतं, आणि आपल्याला ते जवळजवळ कळतं: महानगर, अमर, रत्न, महेंद्र, नवरत्न, राजधानी, विमान, अवतार असे सगळे पाली-संस्कृत शब्द थाई उच्चारांत, आणि शेवटी 'इंद्रानं दिलेली, विश्वकर्म्यानं उभारलेली'. तेव्हा 'थायलंडला जातोय' म्हणून पुटपुटू नका. गावाचं नाव घ्या.

आणि एक विचारते. दीर बोलले तेव्हा यजमान काय करत होते? हसले का? तो विनोद होता त्यांच्यावर, आणि मान खाली गेली तुमची. हे त्यांना सांगा, निघायच्या आधी, शांतपणे. बहुतेक नवऱ्यांच्या हे लक्षातच आलेलं नसतं. लक्षात आल्यावर ते धाकट्या भावाला एक शब्द नक्की बोलू शकतात. तुम्ही बोलायची गरज नाही.

गुरुवार तिथे सापडला तर संध्याकाळी रात्रप्रसोंग चौकात जा. त्याच परिसरात एरावन हॉटेलापुढे चतुर्मुख ब्रह्मदेव आहे, १९५६ साली बसवलेला; नवस फेडायला लोक तिथे नाचणाऱ्या मुलींकडून नाच करवतात. जवळच त्रिमूर्ती आहे आणि आपला गणपतीही. त्रिमूर्तीपुढे गुरुवारी रात्री तरुण मुलंमुली लाल गुलाब घेऊन येतात, मनासारखा जोडीदार मिळू दे म्हणून. तुम्हाला मागायचं काही नसेल. तरी गुलाब वाहा.

एखादी संध्याकाळ लुंफिनी बागेत काढा. नाव बुद्धाच्या लुंबिनीचं. तळ्याच्या काठानं हातभर नव्हे, पुरुषभर लांबीच्या घोरपडी फिरतात. त्या कुणाच्या वाटेला जात नाहीत, आपणही जाऊ नये. सहा वाजता राष्ट्रगीत लागतं. पळणारे, चालणारे, व्यायाम करणारे सगळे जागच्या जागी उभे राहतात, गीत संपलं की जिथून थांबले तिथून पुन्हा सुरू होतात. तुम्हीही उभ्या राहा.

कागदपत्रांचं काम लेकीवर सोपवा. पोहोचण्यापूर्वीच्या तीन दिवसांत प्रवेशाचा डिजिटल अर्ज भरावा लागतो. सरकारी संकेतस्थळावर तो फुकट आहे, पैसे मागणारं संकेतस्थळ दिसलं तर ते बंद करा. व्हिसाचे नियम बदलत असतात, निघण्यापूर्वी दूतावासाच्या पानावर बघायला सांगा. आणि विमानतळ दोन आहेत, तिकिटावर सुवर्णभूमी लिहिलंय की डॉन मुआंग, तेही बघा.

सुवर्णभूमी असेल तर परतीच्या दिवशी अर्धा तास हाताशी ठेवा. पासपोर्ट तपासून आत गेलं की समुद्रमंथनाचं भलं मोठं शिल्प आहे: वासुकी, एका बाजूला देव, दुसऱ्या बाजूला असुर, वर विष्णू. यजमानांच्या यादीत ते सव्विसावं आहे, पुढे वेळ लिहिलीय दहा मिनिटं. ते काढू नका. तिथे बाकंही आहेत. तुम्ही बसा, त्यांना सगळ्या बाजूंनी फोटो काढू द्या.